पाठमोरी शर्यत

शर्यत म्हटली की लोकांना वाटतं, जो पुढे असतो त्याला सगळं दिसतं. होड्यांच्या शर्यतीत उलटं असतं. वल्हवणारा शेवटाकडे पाठ करून बसतो, आणि त्याला दिसतात ते फक्त मागे पडलेले. या एवढ्या गोष्टीवर मास्तर तासभर बोलू शकायचे, आणि बोलायचेच. त्यांचा साडू म्हणायचा, "मास्तरांनी तोंड उघडलं की नदीसुद्धा कूस बदलते."

मास्तर म्हणजे होड्यांच्या मंडळात वल्हवणं शिकवणारे, आणि शर्यतीचा मार्ग आखणारेही तेच. लांब पल्ल्याची शर्यत थोर कशाने होते, हा प्रश्नही त्यांचाच आणि उत्तरही त्यांचंच. "लांबीने नाही. लांब तर गाढवही चालतं. शेवटाला अशी जागा पाहिजे, की दमलेल्याला थांबावंसं वाटेल आणि थांबता येणार नाही."

म्हणून यंदा त्यांनी शेवटची रेघ वळणापलीकडे नेली. तिथे दोन्ही बाजूंनी दगडी भिंती नदीला चेपतात आणि पाणी धावायला लागतं. त्याच्याही खाली बंधारा. बंधाऱ्याअलीकडे एका तारेत ओवलेली पिंपांची रांग नदीवर आडवी ताणलेली असायची. चुकून कुणी वाहत गेलंच, तर पिंपांना अडकावं.

"आपल्या दोन्ही मुली आहेत त्या होडीत," बायको म्हणाली होती. "जुना शेवट काय वाईट होता?"

"तुला नाही कळायचं," मास्तर म्हणाले. कळायचं नाही ते नेमकं कुणाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पाऊस झाला होता तो लांब, डोंगरात. मंडळाच्या खालच्या पायऱ्या मात्र सकाळपासून दिसत नव्हत्या, आणि पाण्याला चहाचा रंग आला होता. साडूने ते दाखवलं, तर मास्तर खूश. "पाणी चढलं की होड्या पळतील बघ!" हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं आहे.

होड्या सुटल्या. मास्तर शेवटच्या रेघेपाशी खुर्ची टाकून बसले. बऱ्याच वेळाने बंधाऱ्याचा चौकीदार स्कूटरवरून आला तो डोक्यावरचं हेल्मेट न काढताच बोलू लागला.

"मास्तर, तार तुटली. पिंपं गेली सगळी. वरून लोंढा आलाय, दारं उघडावी लागली. होड्या आवरा!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. साडूने बचावाच्या मोटरबोटीला फोन लावला, पण ती सगळ्यांत मागच्या होडीच्याही मागे, फार लांब होती. मास्तरांनी लाल झेंडा आणि कर्णा उचलला आणि भिंतीवरून वळणाकडे धावत सुटले.

वळणावरून पहिली आली ती त्यांच्या मुलींचीच होडी. थोरलीचे आणि धाकटीचे हात एकाच माणसाचे असावेत तसे चालले होते. त्या घडीलाही बापाच्या छातीत अभिमान उसळला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

"थांबा! काठाला घ्या!"

होडी त्यांच्यासमोरून खाली निघून गेली. आता मुलींची तोंडं त्यांच्याकडेच होती. त्यांनी झेंडा हलवला. धाकटी चक्क हसली.

आणि मास्तरांना कळलं की ती का हसली. सरावात त्यांनीच हे कितीदा केलं होतं. शेवटच्या टप्प्यात काठाने सायकल हाणत ते ओरडायचे, थांबा, काठाला घ्या! मुली थांबल्या की सगळा पल्ला पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या टप्प्यात बापाची हाकही खरी मानायची नाही, हा त्यांचाच धडा. तो मुलींनी चांगला गिरवला होता.

मागून येणाऱ्या होड्या परक्या मंडळांच्या. त्यांनी हाक ऐकली आणि निमूट काठाला वळल्या. मुलींना ते स्पष्ट दिसलं, आणि त्यांना वाटलं, फसले सगळे! त्यांची वल्ही अजून जोरात पडू लागली.

मास्तरांनी कर्णा फेकला. पोरी बुडत्या बापाला सोडून जाणार नाहीत, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि त्यांनी कपड्यांसकट उडी टाकली.

पाणी भयंकर गार होतं. मास्तर वर आले तेव्हा थोरलीचा आवाज पाण्यावरून लख्ख ऐकू आला. "नाटक करतायत बाबा. तू वल्हव!"

या आवाजातली जरब त्यांची स्वतःची होती. त्यांना रडू फुटलं.

मग वल्ही एकमेकांवर खाडकन आपटली. धाकटी थांबली होती. "ताई, बाबा खरंच बुडतायत गं!" होडी आडवी झाली, डुलली, आणि दोघींनी ती वळवून बापाच्या दिशेने वल्हवायला सुरुवात केली.

होडी वळली तशी त्यांची पाठ बापाकडे झाली आणि तोंडं बंधाऱ्याकडे. थोरलीने काय पाहिलं ते तिच्या ओरडण्यावरून कळलं. मग दोघी जीव खाऊन वल्हवू लागल्या. होडी हाताहाताने वर सरकत होती, त्याहून जास्त नाही.

मास्तर वाहत तिच्याकडेच येत होते. होडीचा काठ धरता आला असता. पण एका माणसाचं ओझं वाढलं की ही होडी जागची हलणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? हाक मारली तर पोरी थांबतील, आणि आता थांबल्या की संपलं. मुलींची पाठ होती. त्यांनी तोंड मिटलं, हात अंगाशी घेतले आणि वल्ह्यांपासून जरा लांबून ते होडीला ओलांडून खाली गेले.

पुढच्याच क्षणी ते मुलींच्या नजरेसमोर आले.

"बाबा!" धाकटीचा हात अडखळला.

"थांबायचं नाही!" मास्तर होतं नव्हतं तेवढ्या जोराने ओरडले. "वल्हवा!"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. रडत होत्या. बघत बघत वल्हवत होत्या, आणि होडी बापापासून लांब, वर, काठाकडे जात होती.