भोकाचा पंचनामा

बारा वर्षं झाली, बिसरामने संत्रं तोंडात घातलं नव्हतं. आणि १९४१च्या कार्तिकात गोंदियाच्या मालधक्क्यावर पुरनलाल मालगुजाराच्या संत्र्यांच्या साठ टोपल्या नेमक्या त्याच्याच पुढ्यात येऊन पडल्या. पूर्वेकडच्या एका संस्थानाने फळ पोखरणाऱ्या अळीची धास्ती घेतली होती. शेतकी खात्याच्या बिसरामने पास केल्याशिवाय तिकडे जाणारी टोपली हलत नव्हती. देव कधीकधी असा आयता चाबूक हाती देतो.

बारा वर्षांपूर्वी दवनीवाड्यात हाच पुरनलाल पंच म्हणून उभा राहिला होता. बिसरामच्या बापाच्या, टेकचंदच्या, फळांवरची भोकं दाखवून त्याने सांगितलं, अळी आहे. एक फळ न कापता चाळीस झाडं तोडून जाळली. टेकचंदने हाय खाऊन अंथरूण धरलं. नाल्याकाठची ती जमीन मालगुजाराने वर्षभरात घशात घातली. या टोपल्या तिथल्याच. आई मात्र म्हणायची, चुकला असेल बिचारा.

पहिल्याच फळाला भोक निघालं. बिसरामला आतून गारगार वाटलं. त्याने माल नापास करायचा लाल खडू काढला.

"खडू कायले काढून राहिला?" पुरनलाल पुढे आला. "पाखराचं, पतंगाचं भोक आहे ते. रात्री येते, सोंड खुपसते, रस पिऊन उडून जाते. अळीचं भोक असलं तं तोंडाशी घाण दिसते. कापून पाह्य."

"हे कधीपासून ठाऊक आहे, मालक?"

"लहानपणापासून. माह्या बापानं दाखवलं होतं."

बिसरामने खडू खिशात टाकला. म्हणजे चुकला नव्हता बिचारा.

त्याने प्रत्येक टोपलीतली पाच फळं कापली. अळी नव्हती, घाणही नव्हती. त्याने माल पास केला. मात्र त्याआधी मालगुजाराचा जबाब शब्दन् शब्द उतरवला, दोन हमालांची साक्ष घेतली आणि खाली त्याची सही घेतली. टोपल्या सुटल्याच्या आनंदात पुरनलालने ती झोकात ठोकली.

दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याच्या चावडीत बिसरामने जबाबाची नक्कल बाहेर काढली. गाव जमलं होतं, मालगुजार म्हणून पुरनलालही पुढे बसला होता. सुनेचा हात धरून टेकचंदही येऊन बसला होता. बिसराम वाचू लागला, तसा म्हाताऱ्याने हात वर केला.

"तू नको. ज्याचा जबाब, त्यालेच वाचू दे."

सगळ्या गावाने मान वळवली. पुरनलालला कागद घ्यावाच लागला. तो वाचत गेला आणि 'लहानपणापासून' या शब्दाशी थांबला.

"वाच," टेकचंद म्हणाला.