बार्टलाच्या तोंडची प्रार्थना

"घ्राश्ता," बार्टला म्हणाला.

"घ्राश्ता," डेलिया म्हणाली.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून मान हलवली. नाही. पुन्हा. तो 'घ' घशाच्या तळातून यायला हवा होता, अडकलेला माशाचा काटा काढताना येतो तसा. आणि डेलियाचा घसा पडला इंग्लंडचा. तिथल्या रस्त्यांखाली भुयारं खणण्यात बार्टलाचा जन्म गेला, पण घरात आपली आयरिश त्यानं कधी काढली नाही. "पोरांना ती कुठं चालवायचीय?" म्हणायचा. म्हातारपणी कॉनेमाराच्या किनाऱ्यावर बापाच्या घरी परतला, तर अर्धांगवायूनं त्याची इंग्रजी नेली आणि तीच भाषा तेवढी मागे ठेवली. मग धुलाईच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याची लेक डेलिया त्याच्या उशाशी येऊन बसली.

शेजारची नोरा दूध घेऊन आली की दारातूनच कुरकुरायची. "पोरी, माझ्याकडं ये शिकायला. त्याचं तोंड लोंबतंय, 'स'चा 'श' होतोय. वाकडंतिकडं शिकशील."

"शिकीन तर बाबांकडूनच, मावशी. जन्मभर दिलं नाही त्यांनी. आता सोडते की काय!"

बार्टला पुटपुटला. नोरानं वाकून ऐकलं आणि पदरचं काही न घालता सांगितलं, "म्हणतोय, माझ्या घरचा भाग परक्यानं म्हणायचा नाही."

गावात मयताच्या घरी जपमाळेचे पाच भाग आयरिशमध्ये म्हणतात. चार शेजाऱ्यांचे, शेवटचा घरच्या रक्ताचा. रक्ताला येत नसेल तर कुणीतरी मायेनं म्हणून टाकतं, आणि ते गाव विसरत नाही. बार्टलाला याचीच धास्ती होती. मुलीला न शिकवल्याची लाजही होती, ती त्यानं शब्दांत कधी सांगितली नाही.

फेब्रुवारीत तो गेला. स्वयंपाकघरात माणसं गुडघे टेकून दाटली. चौथा भाग संपला तशी नोरानं डेलियाची बाही धरली. "मी म्हणू का गं? कुणी काही बोलणार नाही."

डेलियानं मान हलवली. "शे दो व्याहा, अ वुइर्ये, लान दे घ्राश्ता..." नमन तुला, मारिये, कृपेनं भरलेली.

'घ' अगदी तळातून आला. पण इंग्लंडला जाण्याआधी बार्टलाबरोबर होडीवर असलेला कोलमन, त्याची मान झटक्यात वर झाली, आणि बार्टलाच बोलला की काय असं त्यानं मयताच्या खाटेकडं पाहिलं. प्रार्थनेचा उत्तरार्ध जमावानं उचलायचा असतो, पण कुणीच उचलेना. तेव्हा डेलियाला कळलं की आपण नुसते शब्द नाही, बाबांचं पडलेलं तोंडही शिकलो. तिचे कान तापले. नीट 'स' लावून 'घ्रास्ता' म्हणणं तिला जड नव्हतं, इंग्रजीत ती तो रोज म्हणत होती.

तिनं पुढचा मणी धरला. "लान दे घ्राश्ता," ती पुन्हा म्हणाली, बाबांच्याच 'श'नं, मघापेक्षा स्वच्छ.

कोलमननं उत्तर उचललं. त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही, आणि मग सगळं घर त्याच्यामागून म्हणू लागलं.

माणसं पांगल्यावर नोरा म्हणाली, "उद्यापासून बस माझ्याजवळ. तो 'स' सरळ करू."

"'स' येतो मला, मावशी."

ओट्यावर बार्टलाला पाजायचा चोचीचा पेला तसाच पडला होता, तळाशी थोडा चहा. डेलियानं तो विसळला आणि पाहुण्यांच्या कपांच्या रांगेत पालथा घातला.