संडासाच्या उंबऱ्यापलीकडे

मी संडासातली डावी चप्पल बोलतेय. नाक मुरडू नका. पाय कितीही मोठ्या घरचे असोत, वेळ आली की ते आमच्यातच घालावे लागतात.

माझा जन्म कारखान्यातला. हिरवं रेक्झिन, आत फोमची पातळ गादी, आणि उजवी ही माझी जुळी बहीण. एखाद्या बड्या हॉटेलात गालिच्यावर मिरवायला जाऊ, अशी आम्हा दोघींची भाबडी समजूत होती. पण शेवटच्या टेबलावर एका बाईने आमच्या कपाळावर काळ्या शाईचा शिक्का मारला: ‘संडास’. नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात, आमचं तर चार हातांवरूनही वाचता येतं.

आम्ही जपानमधल्या यामागाताच्या डोंगरात, कुदोबाईंच्या घरगुती लॉजवर आलो. तिथे पायताणांची उतरंड फार कडक. बूट दारातच थांबतात. बोळातून फिरायला तपकिरी चपला. गवती चटयांच्या खोल्यांत त्यांनाही मज्जाव, तिथे फक्त मोजे. आणि सगळ्यांच्या खाली आम्ही. संडासाच्या उंबऱ्याच्या आत राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. तपकिरी चपला उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आमच्याकडे अशा बघायच्या, जणू त्या सोवळ्यात आहेत.

आमच्या खिडकीला दुधी काच होती. हिवाळाभर छपरावरून बर्फ धप्पकन घसरल्याचा आवाज यायचा, पण बर्फ कधी दिसला नाही. तो एकदा डोळे भरून बघावा, एवढीच माझी इच्छा होती. उजवी म्हणायची, “गप पड. आपल्यासारख्यांनी बर्फ बघायचा नसतो.”

आत राहून माणसं मात्र खूप बघितली. माणूस ओळखायचा तर तो चपला कशा सोडतो ते बघावं. काही जण जाताना आम्हाला वळवून ठेवतात, म्हणजे पुढच्याचे पाय सरळ आत जावेत. काही जण भिरकावतात, मग मी एका कोपऱ्यात आणि उजवी उताणी. शिवाय आमच्या लॉजमध्ये ऊब मिळायच्या जागा दोनच. एक गरम पाण्याचं कुंड आणि दुसरी आमच्या संडासाची विजेवर तापणारी बैठक. कुंडात चारचौघं असतात. त्यामुळे ज्याला एकट्याने विचार करायचा असेल, रडायचं असेल किंवा स्वतःशी बोलायचं असेल, तो आमच्याकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात नुकागा कुटुंब आलं. नवीन वर्षाची गर्दी ओसरली की कुदोबाई भाव उतरवतात, तेव्हाचे हे पाहुणे. वेगाची गाडी महाग म्हणून सकाळपासून प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या बदलत बदलत आले होते. वाटेत घरून आणलेले भाताचे गोळे खाल्ले, थर्मासमधला चहा प्यायले. जेवणही त्यांनी ‘खेकड्याशिवाय’ असं ठरवलं होतं. शेजारच्या टेबलावर खेकड्याच्या नांग्या कडाकड फुटत होत्या आणि यांच्या पातेल्यात कोबी शिजत होता. जेवणाच्या खोलीची भिंत आमच्या भिंतीला लागून, आणि भिंत म्हणजे नावालाच. सगळं ऐकू यायचं.

घरातले तिघे. कोहेईसान लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको चिहारु, आणि मुलगी हिनाको, शाळेत जाणारी, चपला भिरकावणाऱ्यांतली. चौथ्या होत्या चिहारुच्या आई, किमिएआजी. त्या वरच्या गावात एकट्या राहायच्या आणि तिथून बसने यांना भेटायला लॉजवर आल्या होत्या. आजी आम्हाला नेहमी वळवून ठेवायच्या, तेही पायाने नाही, वाकून हाताने.

सुट्टी हे नुसतं निमित्त होतं, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. कोहेईसान आत आले, बैठकीवर बसले आणि समोरच्या दाराला म्हणाले, “आई, आमच्याकडे राहायला चला.” मग मान हलवून पुन्हा, जरा गोड आवाजात, “आई, आता आमच्याकडेच चला ना.” नमस्काराला वाकताना कपाळ दारावर आपटलं. मला हसू आवरेना.

गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. आदल्या हिवाळ्यात आजी छपरावरचा बर्फ फावड्याने ओढायला चढल्या आणि बर्फासकट खाली आल्या. शेजाऱ्याला नुसती त्यांची लाल टोपी दिसली, म्हणून वाचल्या. तेव्हापासून वर बर्फ पडतोय असं बातम्यांत सांगितलं की चिहारुला झोप यायची नाही. तिने आईला किती वेळा सांगून पाहिलं, पण त्या दोघी बोलायला लागल्या की भांडणच व्हायचं. आणि आजींचं म्हणणं असं, की घर जावयाचं, तेव्हा विचारायचं तर जावयानेच.

जेवताना जावयाने विचारलं. भिंतीपलीकडून मी कान लावून होते.

“आई, आमच्याकडे राहायला चला.”

“छे छे, नको. मी आहे तिथे बरी आहे.”

“बरं,” कोहेईसान म्हणाले. आणि पातेल्यातला कोबी वाढून घेतल्याचा आवाज आला.

थोड्याच वेळात आजी आत आल्या. दार लावलं, बसल्या आणि आपल्या दिवंगत नवऱ्याशी बोलू लागल्या.

“ऐकलंत का हो? जावयाने विचारलं. मी ‘नको’ म्हटलं, तर हा म्हणतो ‘बरं’! ‘नको’ म्हटल्यावर कोणी गप्प बसतं का? पहिल्या हाकेला पिशवी उचलून निघाले तर लोक म्हणतील, म्हातारी टपूनच बसली होती.”

अग बाई! म्हणजे आजींना यायचं होतं. आमच्याकडे कोणीही चांगल्या घरचं माणूस पहिल्यांदा ‘नको’च म्हणतं, दुसऱ्यांदाही ‘नको’च म्हणतं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘तुम्ही एवढं म्हणताच आहात तर’ असं म्हणून उठतं. पण कोहेईसान पडले लिफ्टवाले. बटण एकदा दाबलं की पुरे, पुन्हापुन्हा दाबणारी माणसं त्यांना अडाणी वाटतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला भरीला घालणं म्हणजे त्रास देणं, असा त्यांचा समज. एक सभ्यपणाने ‘नको’ म्हणत होती, दुसरा सभ्यपणाने ऐकत होता, आणि सगळं मुसळ केरात जायची वेळ आली होती. मला हे ठाऊक असून उपयोग काय? चपलेला जीभ नसते.

दुसऱ्या संध्याकाळी कोहेईसाननी पुन्हा धीर केला. बहुतेक चिहारुने टेबलाखालून चिमटा काढला असावा, कारण आधी “आई गं” असं ऐकू आलं.

“आई, हिनाकोलाही तुमची सोबत होईल. चला ना.”

“तुमच्या घरात तुम्हालाच जागा पुरत नाही, त्यात मी कुठे? आणि माझं मुळ्याच्या लोणच्याचं पिंप आहे. त्याच्याकडे कोण बघणार?”

आता तुम्हीच सांगा, ‘पिंप घेऊन चला’ असं म्हणायला याहून सोपी वाट कोणी करून देईल का? बहिऱ्यालाही कळलं असतं.

“खरंय,” कोहेईसान गंभीरपणे म्हणाले. “पिंपाचा विचार मी केलाच नव्हता. माफ करा.”

शेजारच्या टेबलावर तेवढी एक नांगी फुटली.

निघायच्या सकाळी आजी आत आल्या, दार लावलं. मग हळूच म्हणाल्या, “अहो, पिंपाबद्दल माफी मागितली हो त्याने. मनापासून मागितली. गुणी आहे, पण दगड आहे. आता पुन्हा विचारायचा नाही. दोनदा विचारून झालं, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर उठले असते की मी.” नाक ओढल्याचा आवाज आला. “दोन दिवसांत मोठा बर्फ येणार म्हणतात. फावडं काढून ठेवते जाऊन.” उठल्यावर त्यांनी आम्हाला हाताने वळवून ठेवलं.

माझं सोल हललं. छपरावर चढणार ही बाई पुन्हा, आणि तेही केवळ रीत पाळायची म्हणून!

दाराबाहेर हिनाको उभी होती, बैठकीवर ऊब घ्यायला रांगेत. पण दार उघडल्यावर ती आत आलीच नाही. आजीकडे बघत राहिली आणि मग बोळातून धावत सुटली. ती वडिलांना शोधायला गेली आणि वडील दुसऱ्या बाजूने आमच्याकडे आले. आजींना बसपर्यंत सोडायचं त्यांच्याच्याने होईना. दार लावून बसले आणि कागदाच्या गुंडाळीने डोळे पुसू लागले. बराच कागद संपवला.

इतक्यात दारावर धडाधड थापा पडल्या.

“बाबा! बाहेर ये! आजीला यायचंय आपल्याकडे!”

“अगं, त्या दोनदा ‘नको’ म्हणाल्या.”

“दोनदा ‘नको’ म्हणायचंच असतं रे! तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय तुझं! मी ऐकलं तिला बोलताना. बाबा, बस आली!”

दार उघडलं आणि कोहेईसान पळाले. आम्हाला घालून.

उंबरा आमच्या खालून गेला तेव्हा उजवी किंचाळली. तपकिरी चपला जागच्या जागी आडव्या झाल्या. बोळात कुदोबाई ताट घेऊन येत होत्या. “अहो, पाहुणे, पायात काय… अगं आई!” एवढंच बोलू शकल्या. पुढच्या दारात बूट मांडून ठेवले होते, पण ते घालायला थांबतंय कोण? मागून चिहारु ओरडली, “अहो! पायात बघा, पायात!” कोहेईसाननी दार ढकललं आणि मी बर्फात उतरले.

बर्फ मला दिसला. तो इतका पांढरा असेल असं वाटलं नव्हतं. आणि इतका गार असतो हे तर कोणीच सांगितलं नव्हतं! दहा पावलांतच उजवी ढिगात रुतली ती तिथेच राहिली. “पुढे हो!” एवढं तिचं ऐकू आलं. कोहेईसान एक पाय चपलेत, एक पाय ओल्या मोज्यात, असे थांब्यावर पोचले आणि घसरून बसच्या दारासमोर गुडघ्यांवर पडले.

आजी बसच्या पायरीवर होत्या. आत गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या, बाजार करून निघालेल्या.

“आई,” कोहेईसान धापा टाकत म्हणाले, “आमच्याकडे राहायला चला. पिंपासकट चला. पिंप गॅलरीत ठेवू. नाही मावलं तर मी गॅलरीत झोपतो.”

पांढऱ्या हातमोज्यांचा चालक म्हणाला, “आजी, चढताय की उतरताय?”

“थांबा हो जरा. मोठ्या मुश्किलीने विचारतायत ते.” आजी कोहेईसानकडे बघत होत्या. मग नजर खाली आली आणि माझ्या कपाळावर थांबली.

खिडकीतून एका म्हातारीने मोठ्यांदा वाचलं, “सं-डा-स.”

अख्खी बस हसायला लागली. आजींनी तोंडावर हात धरला, पण खांदे गदगदा हलायला लागले. “जावईबापू, सासूला घरी बोलवायला आलात ते संडासाच्या चपला घालून?”

कोहेईसाननी पाय बघितले. त्यांचे कान लाल झाले. “गडबडीत… फार मोठी चूक झाली…”

“आणि तीही एकच?” आजींचे डोळे वाहत होते. “या माणसाच्या भरवशावर लेक आणि नात सोडली मी! तुम्ही एवढं म्हणताच आहात तर यायलाच हवं मला. धरा ही पिशवी.”

मागून चिहारु येऊन पोचली होती. तिला भांडायला काही सुचेना, म्हणून ती आईच्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या बसने सगळेच वर गेले, गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून घर बंद करून आले. पिंप प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या त्याच गाड्यांतून आलं आणि वाटेत त्याच्या वासाने डब्यातली माणसं एकेक करून शेजारच्या डब्यात गेली. मीही बरोबर होते, पिशवीत. कुदोबाई म्हणाल्या होत्या, “बाहेरच्या बर्फात जाऊन आलेली चप्पल मी आता संडासात कशी ठेवू? घाण होईल ना!” जन्मभर मी बाहेरच्यांना विटाळ होते, आता आतल्यांना झाले. कोहेईसान वाकवाकून माफी मागत होते, नवीन जोड पाठवतो म्हणत होते. आजींनी मला उचललं. “हिला मी नेते,” म्हणाल्या.

उजवी वसंतात आली. बर्फ वितळल्यावर सापडली, तेव्हा कुदोबाईंनी तिला धुऊन, वाळवून, सुंदर कागदात बांधून डोंगरातल्या रानभाजीसोबत टपालाने पाठवली. आल्याआल्या म्हणाली, “सगळा हिवाळा बर्फच बघत होते. पोट भरलं.”

आता आम्ही नुकागांच्या फ्लॅटमध्ये असतो. संडासातच. माझ्या फोमचा चुरा व्हायला लागलाय, शिक्का पुसट झालाय, फार दिवस राहिले नाहीत. गॅलरीत पिंप आहे आणि शेजारी अजून कुरकुरतात. कोहेईसान तर पार बिघडलेत. “आई, चहा घेता? घ्या ना. घ्याच!” सकाळसंध्याकाळ हेच. आजी बाहेर खेकसतात, “एकदा सांगितलं ना, नको!”

मग आत येतात, दार लावतात आणि आजोबांना सांगतात, “वेडा आहे हो. रोज सगळं तीन-तीनदा विचारतो. मी मुद्दाम दोनदा ‘नको’ म्हणते. तुम्ही गेल्यापासून मला पुन्हा कोणी विचारलंच नव्हतं.”

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी ‘नको’ म्हणून गप्प बसलं असेल, तर जा आणि आणखी एकदा विचारा. पायात काय आहे ते बघत बसू नका.