उसना गडी

रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकायला मनाई. द्यायचा तो मागे, आणि पळायचं पुढे. आदर्श नगर रग्बी क्लबची गोष्टही तशीच सांगावी लागते.

पुढे. फेब्रुवारीतला रविवार, सकाळ.

दिनकर पाटणकर बुटाच्या नाड्या बांधत होता. वय एक्कावन्न, विमा कंपनीत अधिकारी, क्लबचा संस्थापक आणि कप्तान. एप्रिलमध्ये गुवाहाटीला बदली. क्लबनं आजवर एकही सामना जिंकला नव्हता, आणि जयपूर सोडण्याआधी त्याला एक, फक्त एक विजय बघायचा होता.

"अहो, गुडघ्याला पट्टा बांधलात का?" बायको मंदाकिनी मैदानाकडेच्या खुर्चीतून ओरडली.

"बांधला."

"कुठल्या? दुखतो त्या की दुसऱ्या?"

दिनकरनं पट्टा सोडून दुसऱ्या गुडघ्याला बांधला.

चेंडू मागे. २०१८.

एकही का जिंकला नाही? कारण पोरं गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासांतली. जुलैत यायची, दिवाळीपर्यंत पडायला शिकायची, होळीपर्यंत पाडायला. मे महिन्यात प्रवेशपरीक्षा झाली की संघच्या संघ गावोगावी पांगायचा. देशभरात आदर्श नगरचे डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. सातजणांचा संघ तेवढा कधी टिकला नाही. टिकला तो दिनकर. त्यासाठी त्यानं दोनदा बढती नाकारली. "माझी सवत अंडाकृती आहे," मंदाकिनी हळदीकुंकवाला बायकांना सांगायची.

पुढे.

लष्करी छावणीचा संघ जीपमधून उतरला. त्यांचा कप्तान प्रथमेश, मूळचा साताऱ्याचा जवान, डोकं खाजवत आला.

"दादा, घोटाळा झाला. एक गडी ड्यूटीवर अडकला. सहाच आलोय बघा."

आदर्श नगरच्या पोरांचे चेहरे उजळले. सात विरुद्ध सहा! आणि लगेच पडले, कारण दिनकर कौशिककडे बघत होता. कौशिक म्हणजे मालवीय नगरातल्या बँक मॅनेजरचा मुलगा, संघातला सगळ्यात वेगवान.

"सर, पवनला द्या ना," कुणीतरी हिंदीत कुजबुजलं.

"हां सर, मी जातो," राखीव गडी पवनही तयार होता. आपण संघातलं कच्चं लिंबू आहोत, हे त्याला मान्य होतं.

चेंडू आणखी मागे. २०१४.

पहिला सामना. आदर्श नगरचे पाचच आले होते. पाहुण्या संघानं दोन गडी उसने दिले, आणि तेही आपले सगळ्यात चांगले. तरी आदर्श नगर हरलंच. पण त्या दिवशी दिनकरनं नियम केला: समोरचा कमी पडला तर उसना द्यायचा, आणि द्यायचा तो आपला सर्वोत्तम. कच्चं लिंबू देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं.

पुढे.

"कौशिक, जर्सी बदल. पवन, तू याच्या जागी."

"काका, मतलब... मी त्यांच्याकडून खेळू? तुमच्या अगेन्स्ट?"

"जीव तोडून."

सामना सुरू झाला. मैदान नावालाच हिरवं, बाकी वाळू. आणि आक्रीत घडलं: आदर्श नगर पुढे गेलं. उत्तरार्ध संपत आला तेव्हा बारा विरुद्ध दहा. पवननं पडता पडता एकदा गुण-रेषा गाठली होती. तो स्वतःच अजून हादरलेला होता. मंदाकिनी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

शेवटचा डाव. चेंडू प्रथमेशकडून मागे, मागे, आणि कौशिकच्या हातात. समोर मोकळी वाळू. मध्ये एकटा दिनकर.

चेंडू अगदी मागे. २०१३.

तेव्हा क्लब नव्हता. दिनकर रविवारी दुपारपर्यंत झोपायचा.

पुढे.

कौशिक त्याला वळसा घालून निघाला, आणि पाच पावलांवर त्याची गती उतरली. पाय जड झाल्यासारखे, मान किंचित मागे. दिनकरला कळलं. हा थांबतोय. काकांना पकडू देतोय. हात लांब केला की जर्सी हातात, विजय खिशात, गुवाहाटी सुखाची.

"पळ!" दिनकर गरजला. "पळ रे गाढवा, लाज आणू नकोस!"

कौशिक दचकला आणि सुटला. दिनकर जिवाच्या आकांतानं मागे, झेप घेतली, बोटं टाचेला लागून निसटली, आणि तो तोंडावर वाळूत आपटला. कौशिकनं रेषेपलीकडे चेंडू टेकवला. पाच गुण. शिट्टी. पंधरा विरुद्ध बारा. हरलो.

कौशिक रडवेला होऊन परत आला. "काका, सॉरी. मला वाटलं की तुम्ही जाणार आहात, तर..."

"ते कळलं मला." दिनकरनं वाळू थुंकली. विजय हुकल्याची कळ होती, चांगली ठसठसत होती. तरीही त्याला हसू आवरेना. "पण सांगितल्यावर पळालास ना? मग झालं. मेनंतर कुठे जाणार आहेस?"

"कुठे नाही. इथेच कॉलेज."

"बरं झालं." दिनकर उठून सगळ्यांसमोर उभा राहिला आणि कौशिकचा हात वर धरला. "एप्रिलपासून हा कप्तान!"

छावणीच्या जर्सीतला आदर्श नगरचा कप्तान! जवानांनीच आधी टाळ्या पिटल्या. पोरं दोन क्षण गोंधळली, मग कौशिकवर तुटून पडली.

मंदाकिनी पाण्याची बाटली घेऊन आली. "त्याला पळ म्हणून तुम्हीच ओरडलात?"

"हो."

"वाटलंच." तिनं त्याच्या कपाळावरची वाळू पदरानं पुसली. "गुवाहाटीत घर बघताना जवळ मैदान आहे का तेही विचारा. तुम्ही रविवारी दिवसभर घरी, हे काही मला सोसायचं नाही."