रेवणप्पा माणूस ठरतात

लिंबागणेशात कापडदुकान असलेल्या रेवणप्पांना 'तुम्ही कोण' असं विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि आज बीडच्या सायबर कॅफेत एक कंपुटर त्यांना विचारत होता, तुम्ही माणूसच ना!

लेक कावेरीचा इंजिनिअरिंगचा अर्ज पाचच्या आत गेला नाही तर तिचं वर्ष बुडणार होतं. चार वाजून गेले होते. सगळं भरून झालं, आणि पडद्यावर वाकडीतिकडी, रेघोट्या मारलेली इंग्रजी अक्षरं उगवली. ती ओळखून टाईप करायची म्हणे.

"कावून पण?" आप्पा तडकले.

"लोकं मशीनकडून खोटे अर्ज भरून घेत्यात, आप्पा," कॅफेवाला अंगद म्हणाला. "पयले अक्षरं सरळ यायची. मशीन वाचाया शिकली, म्हणून वाकडी केली. आता ती हे बी शिकली की आनखी वाकडी."

"मग माणसानं कुठं जावं बे?"

दोनदा चुकलं. अख्खा कॅफे गोळा झाला. कुणी एम म्हणे, कुणी एन.

"अजून एकदा चुकलं तर तासभर बंद," अंगद म्हणाला. "बाजूचा बाण दाबा, दुसरं चित्र येतंय."

कावेरीचे डोळे भरले. तरी आप्पा बाण दाबू देईनात. ठाणावर ठाण उलगडायला लावून उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांना आयुष्यभर पिडलं होतं. पुढ्यात टाकलेलं नाकारायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई, मग दुकानदार मशीन का असेना!

मागच्या बाकावरून त्यांची बायको बसम्मा उठली. पहिल्या लुगड्याला तिनं जन्मात होकार दिला नव्हता.

"सरका वो! पोरी, दुसरं दाखव म्हन त्याला."

कावेरीनं बाण दाबला.

"लई गिचमिड. दुसरं. ह्याच्यावर रेघा हायत. हे तर न्हाईच न्हाई!"

कॅफे हसून लोटपोट झाला. मशीन बिचारी कुरकुर न करता दाखवत राहिली. अखेर एक स्वच्छ चित्र आलं. कावेरीनं एका दमात वाचलं, टाईप केलं, आणि अर्ज गेला!

"इंजिनेर झाली माझी पोर!" भर कॅफेत आप्पांना रडू फुटलं.

"अवो, निस्ता अर्ज गेलाय," बसम्मा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तीही रडायला लागली.