बारावं मिनिट

यंत्राला भिणारा माणूस मी न्हाय. शिरोलीच्या एका वर्कशॉपात एकतीस वर्षं तेल-इंजिनं जोडली. आणि त्याच मला एका कॉम्प्युटरनं दर रविवारी गप बसवावं, ह्याचा लई राग यायचा.

माझी लेक दीप्ती बेंगळुरूला नोकरीला हाय. तिची आई मीना जाऊन तीन वर्षं झाली. कळंब्याच्या घरात आता मी एकटाच. रविवारी अकराला दीप्ती व्हिडिओ कॉल करती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळं मोबाईलवर तिचं तोंड मला धड दिसत न्हाय, म्हणून तिचाच कॉलेजातला जुना पीसी लावून बसतो. बरोबर बाराव्या मिनिटाला ते खोकं बंद पडायचं. आठ महिनं हाच तमाशा. जेवला का, गोळ्या घेतल्या का, तिकडं पाऊस हाय का, ह्यातच सगळा वेळ जायचा. खरं बोलायला तोंड उघडलं की पडदा काळा.

खरं म्हंजे एवढंच, की माझं डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत राहणारी व्यक्ती' असा एक रकाना हाय. मला दीप्तीला म्हणायचं होतं, आठ दिवस रजा काढून ये. असलं मागणं नुसत्या फोनवर मला जमत न्हाय. समोर तोंड दिसावं लागतंय.

राजारामपुरीत कृष्णात म्हणून एक पोरगा हाय, गुरुवारी त्याला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय.

"काका, प्रोसेसर तापतोय," तो म्हणाला. "वरचा हीटसिंक आणि पंखा काढा, वाळल्यालं ग्रीस पुसा, नवं ग्रीस लावून परत बसवा. न्हायतर हितं टाकून जावा, मंगळवारी देतो."

मंगळवारी घेऊन काय करू? रविवार आधी येतोय की. आणि ग्रीस लावायला मी दुकानात जायचं? जल्मभर दुसरं केलं काय!

वायर काढली, खोकं आडवं केलं, झाकण खोललं. हीटसिंक म्हंजे पातळ पत्र्यांचा गठ्ठा. खालच्या प्रोसेसरची उष्णता तो वर ओढतोय आणि पंखा ती उडवून लावतोय. मला आवडलं ते. त्याचे चार कोपऱ्यांतले पाय फिरवून सोडवले, जुना थर खरवडला, आणि कपाटातला बेअरिंगच्या ग्रीसचा डबा काढून चांगलं बोटभर थापलं. बेअरिंगला हात आखडता घेतला की बेअरिंग गेलं, ही आमची शिकवण.

पीसी सहाव्या मिनिटाला बंद पडला. आत बघतो तर ग्रीस पातळ होऊन बोर्डावर उतरल्यालं, आणि घरभर वर्कशॉपचा वास.

शुक्रवारी खोकं उचलून रिक्षानं दुकानात गेलो. कृष्णातनं आत डोकावून बघितलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसला. "काका, थर्मल पेस्ट ओ! आम्ही त्यालाच ग्रीस म्हणतोय."

"मग पेस्ट म्हणायचं की, लेका! ग्रीस म्हटल्यावर मी काय समजू?"

त्यानं बोर्ड साफ करून दिला, एक बारीक ट्यूब हातात ठेवली. "मटारच्या दाण्याएवढं, मधोमध. बोटानं पसरू नका, दाबानं पसरतंय. आणि हात लावायच्या आधी खोक्याच्या उघड्या पत्र्याला शिवा. अंगातली वीज उतरून जाती, न्हायतर तीच बोर्ड खाती." मग चहा मागवला. माझ्या डोळ्याचं त्यानंच विचारलं, तारीख कुठली ते पण विचारलं.

शनिवारी सकाळी उजेडात बसलो. पत्र्याला शिवलो. मटाराएवढा ठिपका सोडला. हीटसिंक सरळ खाली ठेवला, जागचा हलवला न्हाय. एक पाय दाबला, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, मग उरल्याले दोन. इंजिनाचं हेड, म्हंजे वरचं झाकण, पण असंच आवळतात, एकाच बाजूनं आवळलं की वाकडं बसतंय. चारी पाय टक्कन बसले. पंख्याची वायर खोचली, पात्यात अडकणार न्हाय अशी बांधली. दोन तास चालू ठेवला. बंद पडला न्हाय. लई दिवसांनी मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि सांगायला घरात कोण न्हवतं.

रविवारी दाढी केली. अकराला दीप्ती दिसली. जेवला का, गोळ्या घेतल्या का, पाऊस हाय का. बारावं मिनिट आलं आणि गेलं. तेरावं लागलं. मी घसा साफ केला.

"पप्पा," ती म्हणाली, "अजून बंद नाही पडलं?"

तेव्हा मी नीट बघितलं. तिच्या खांद्यावर पर्स होती. मागं दारात कोणीतरी बूट घालून उभं होतं आणि हातानं चल-चल करत होतं. सव्वाअकराला त्यांचं बाहेर जायचं ठरल्यालं असणार, दर रविवारीच असणार. तिला 'ठेवते' म्हणता येत न्हवतं. आठ महिनं ते काम मशीन करत होतं.

तिचा राग आला न्हाय. वाईट वाटलं, लई वाटलं. पोरगी तोंडावर हसू ठेवून बसली होती.

"पडंल आता," मी म्हटलं. "गरम व्हायलंय." आणि टेबलाखाली हात घालून खोक्याचं बटण दाबून धरलं.

लगेच मेसेज आला. 'गेलं ना परत? दुरुस्त करून घ्या हो पप्पा. पुढच्या रविवारी बोलू.'

चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून उत्तर टाकलं. 'व्हय. बघतो दाखवून.'

मग फॉर्म घेतला. त्या रकान्यात कृष्णातचं नाव लिहिलं. पुढं 'नातं' असं विचारल्यालं होतं. तिथं काय लिहायचं, ते उद्या त्यालाच विचारतो.