इंदूबाईच्या करंटचं लिमिट

माणसानं कोणाशीही पंगा घ्यावा, पण कुरडया करायच्या दिवसांत गल्लीतल्या बायांशी घेऊ नये. दिग्रसच्या घनश्याम केबलवाल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. त्या वर्षी त्याच्या डोक्यात हवा गेली होती.

आधी काय गोड बोलायचा! मोटारस्टँडपासून शांतीनगरपर्यंत लोकांच्या गच्च्यांवरून वायरी ओढल्या, घरोघरी वायफायची डबी लावली. लावताना म्हणायचा, "काकू, तुमच्या नळाले तरी पाणी दोन दिवसाआड येते. माह्यं नेट मात्र अनलिमिटेड. पाहा किती पाह्यचं ते!" लोकांनी पाहिलं. पोरांनी अभ्यास पाहिला, म्हाताऱ्यांनी कीर्तनं पाहिली, सुनांनी ब्लाउजचे गळे पाहिले. आणि मग एका सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर टिंग करून मेसेज आला.

"प्रिय ग्राहक, यापुढे प्रत्येक कनेक्शनला मासिक डाटा मर्यादा लागू राहील. मर्यादा संपल्यावर वेग कमी करण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

अर्धा महिना सरला आणि गल्लीभर चकरी फिरायला लागली. मोबाईलच्या नेटचं म्हणाल तर घरात फोन लागायचा तेवढाच, नेट नावाला नाही, गच्चीवर चढा तेव्हा दोन काड्या. घनश्यामशिवाय दुसरा उपाय नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाकीच्यांचं ठीक होतं हो. सिरियल अडली, मॅच अडली, चार शिव्या दिल्या, जेवले, झोपले. पण दीपमालाच्या घरी अडला होता तिचा बाप.

गोविंदा म्हणजे एसटीतला जुना कंडक्टर. सारी नोकरी दिग्रस-पुसद गाडीवर गेली. आवाज असा की मोटारस्टँडवर हाक दिली की रसवंतीवरचा माणूस अर्धा ग्लास टाकून पळत यायचा. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत लकवा मारला. हात आला, पाय आला, काठी टेकत चालायलाही लागला. बोलणं तेवढं गेलं. ज्या तोंडानं जन्मभर गावांची नावं ओरडली, ते तोंड आता नुसतं "अं, अं" करायचं. डोळ्यांत सगळं दिसायचं, ओठांवर काही यायचं नाही. दीपमाला घरीच ब्लाउज शिवायची.

मग नागपूरच्या अर्पिता मॅडम भेटल्या. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टर. रोज अकरा वाजता टीव्हीवर मॅडमचा व्हिडिओ कॉल लावायचा. मॅडम ओठ हलवून दाखवायच्या आणि गोविंदानं पाहून पाहून तसे हलवायचे. "यांचं बोलणं येईल," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण रोज करावं लागेल. आत्ता खंड पडला तर पुढे फार अवघड जाईल." हिवाळाभर बापलेकीनं तेच केलं. आधी "दीपा" आलं. मग "हो". मग एक दिवस "पाणी" आलं, तेव्हा दीपमालानं तांब्याभर पाणी दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आणि आता हे लिमिट! मॅडमचे ओठ 'प' वर येऊन थिजायचे. समोर गोविंदाही ओठ मिटून 'प' धरून बसायचा. वाट पाह्यचा, वाट पाह्यचा, आणि चकरी फिरत राह्यची. दुसऱ्या आठवड्यात त्यानं टीव्हीकडे पाठ केली. एका दुपारी त्याला तहान लागली. त्यानं तोंड उघडलं, जोर लावला, कपाळावर शिरा आल्या, आणि शेवटी माठाकडे बोट दाखवलं. "पाणी"सुद्धा गेलं होतं.

दीपमालानं त्याला पाणी पाजलं, चप्पल घातली आणि बाजूच्या उज्ज्वलाला म्हणाली, "चाल वं, घनश्यामभाऊकडे."

दोघी निघाल्या तशी अर्धी गल्ली मागे आली. घनश्याम काचेच्या केबिनमध्ये कूलरसमोर बसला होता.

"मी काय करू? वरूनच नियम आला," तो म्हणाला.

"भाऊ, माह्या बाबाचं बोलणं थांबलं न तुमच्या नेटपायी!"

"मंग जास्तीचा पॅक घ्या न. काहून भांडून राह्यले? अन् ज्याले जमत नाही त्यानं कनेक्शन काढून टाका. गावात दुसरं कोण हाय ते पाहा."

लोक ग्राहकांच्या ग्रुपवर बोलू लागले, तर त्यानं ग्रुपच बंद करून टाकला. म्हणजे फक्त तो बोलणार आणि बाकीच्यांनी वाचायचं. बापासारखीच सगळ्या गल्लीची वाचा गेली म्हणा ना. दीपमाला त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूबाईच्या कुरडया होत्या.

इंदूबाई म्हणजे गल्लीच्या तोंडावरचं घर. रानात कपाशी-तूर, मुलगा पुण्यात, तोंड एकदम फटकळ. घरात मोठं इन्व्हर्टर. घनश्यामनं धंदा सुरू केला तेव्हा याच बाईपुढे हात जोडले होते. त्याचा एक मोठा डबा होता, सगळ्या वायरी त्यात येऊन पुढे बाजारापर्यंत जायच्या. लाईट गेली तरी तो डबा चालू पाह्यजे म्हणून इंदूबाईच्या पुढच्या खोलीत ठेवला. "काकू, पंख्याएवढाही करंट खात नाही बिचारा." इंदूबाईनं ठेवू दिला. भाडं नाही, करंटचा पैसा नाही. आपल्याकडे असंच असतं, एक चहा पिला की काम झालं.

तर सकाळी गच्चीवर बाया जमल्या. गव्हाचा गरम चीक, सोऱ्या, धुतलेल्या साड्या अंथरलेल्या, आणि मध्ये घनश्यामच्या वायरी आडव्या. इंदूबाईचा मोबाईल टिंग वाजला. उज्ज्वलानं वाचून दाखवलं, "प्रिय ग्राहक, आपली मर्यादा संपली आहे..."

"कोनाची?" इंदूबाईनं पळी तशीच धरली.

"तुमचीच, काकू."

"माही? माह्या घरात डबा, माह्या घरचा करंट, अन् मलेच लिमिट? खाल्ल्या घरचे वासे मोजते का रे लेकाच्या!"

"काकू, तुम्हीबी लावा न त्याले लिमिट," उज्ज्वला हसत म्हणाली. "करंटचं."

सगळ्या खदाखदा हसल्या. हसता हसता एकेक जण गप झाली. दीपमालाचा सोऱ्यावरचा हात थांबला. तिनं इंदूबाईकडे पाहिलं, इंदूबाईनं तिच्याकडे.

"मी तोडतेच त्याच्या वायरी," इंदूबाई उठली.

"नाही काकू, वायरले हात नाही लावाचा," दीपमाला म्हणाली. "वायर त्याची हाय. बटन आपलं हाय."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. डबा बंद म्हणजे तिच्याही घरचं नेट बंद. त्यातल्या त्यात सकाळी लवकर जरा बरं चालायचं, म्हणून मॅडमनी आज अकराऐवजी नऊची वेळ दिली होती. मॅडम आज मुद्दाम पाहणार होत्या की काका कुठवर मागे गेले. ती खाली उतरून घरी गेली. गोविंदा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. "बाबा, आजचा क्लास जाईल. कदाचित उद्याचाही. तुम्ही म्हणाल तसं." गोविंदानं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग त्यानं काठी उचलली आणि स्वतःच दाराकडे निघाला.

इंदूबाईच्या पुढच्या खोलीत त्याला खुर्ची दिली. दीपमालानं मोबाईल घेऊन, सगळ्या बायांच्या सल्ल्यानं मेसेज लिहिला. ग्रुप बंद होता, म्हणून थेट घनश्यामला.

"प्रिय घनश्याम, आपली मासिक करंट मर्यादा संपली आहे. आपल्या डब्याचा वेग कमी करण्यात येत आहे. जास्तीचा करंट पाहिजे असल्यास इंदूबाईच्या घरी स्वतः येऊन भेटावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

इंदूबाईनं भिंतीवरचं बटन दाबलं. डब्यातले हिरवे दिवे विझले. गल्ली बंद, मोटारस्टँड बंद, बाजारातले अडते बंद, जिनिंगची हापिसं बंद, आणि घनश्यामच्या सासऱ्याचं घरही बंद. दीपमाला बापाजवळ थांबली, बाकीच्या बाया पुन्हा गच्चीवर गेल्या आणि कुरडया टाकू लागल्या.

घाणा अर्धाही झाला नव्हता तोच गाडी वाजली. घनश्याम घामानं ओला, एक फोन हातात, दुसरा खिशात, आणि दोन्ही सारखे वाजत होते. तो सरळ आत शिरला आणि बटनाकडे हात नेला. तोवर इंदूबाई जिना उतरून आली होती.

"हात नको लावू! माह्ये हात चिकाचे हायेत. झापड बसली तं गालाले चिकटून राहीन!"

घनश्यामनं हात मागे घेतला. दारात अख्खी गल्ली उभी होती.

"काकू, कायले असं करता? सारा बाजार बोंबलून राह्यला न!"

"मी काय करू? वरूनच नियम आला," इंदूबाई म्हणाली आणि छताकडे बोट दाखवलं. वर गच्चीत उरलेल्या बाया होत्या. दारात हशा पिकला. घनश्यामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण करतो काय! फोन वाजतच होता आणि पलीकडे सासरा होता.

मग त्यानं डाव टाकला. दीपमालाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दीपाताई, ऐक. तुमचं अन् काकूचं लिमिट मी आत्ताच काढतो. कायमचं. बाबाचा क्लास एकदम मस्त चालन. फक्त बाकीच्यायले सांगू नका."

हळू म्हणाला खरा, पण खोली केवढी! सगळ्यांनी ऐकलं. खोटं कशाला सांगायचं, तिला हो म्हणावंसं वाटलं. बापाचा माठाकडे दाखवलेला हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि त्यात उज्ज्वला दारातून म्हणाली, "घे बैन. बाबाचं होऊ दे. आमचं आम्ही पाहू." अशी माणसं असली की नाही म्हणणं जड जातं आणि हो म्हणणंही.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्ची करकरली. गोविंदा काठीवर जोर देऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठ थरथरत होते.

"सगळे," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"सगळे... चढल्या... शिवाय..." त्यानं श्वास घेतला, आणि पुढचं जे आलं ते जुन्या कंडक्टरच्या खणखणीत आवाजात आलं. "गाडी हालत नाही!"

दीपमालाला आधी कळलंच नाही कोण बोललं. कळलं तेव्हा तिनं धावत जाऊन त्याला धरलं. "बाबा! बाबा, तुम्ही बोलले! माय वं, बाबा बोलले!" इंदूबाईनं चिकाचे हात तोंडावर दाबले. दारात कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी डोळे पुसत होतं.

आणि घनश्याम? त्याचा चेहरा पाह्यण्यासारखा झाला होता. पुसदच्या कॉलेजात जायचा तेव्हा रोज त्याला उशीर. ड्रायव्हर गाडी सुरू करून शिव्या घालायचा आणि गोविंदा दारात उभा राहून हेच म्हणायचा. घनश्याम धावत यायचा, गोविंदा हात देऊन वर ओढायचा. या एका वाक्याच्या जोरावर तो बी.कॉम. झाला होता.

"काका," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग त्यानं हापिसात फोन लावला. "लिमिट काढा. सगळ्यायचं. अरे सगळ्यायचं म्हंजे सगळ्यायचं! हाव, आत्ता!"

वरच्या नियमाचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. वर दुसरं होतं कोण? घनश्यामच होता.

"अन् ग्रुप?" इंदूबाईनं दरडावलं.

"तोही उघडतो, काकू."

ती बटनापाशी गेली आणि थांबली. "दीपा, तू दाब. तुह्या हक्काचं हाय." दीपमालानं बटन दाबलं. डब्यात हिरवे दिवे लागले आणि गल्लीतल्या सगळ्या खिशांमधून, पदरांमधून टिंग टिंग सुरू झालं. मर्यादा रद्द! गच्चीवरून अशी आरोळी उठली की साडीवरचे कावळे उडाले. इंदूबाईनं वाट्या भरभरून गरम चीक दूध-साखर घालून वाटला. घनश्यामलाही दिला. "खाय. राग डोक्यात ठेवून कोनाचं पोट भरलं?" त्यानं मुकाट्यानं खाली बसून खाल्लाही.

घरी पोचताच दीपमालानं टीव्ही लावला. मॅडमचा चेहरा असा स्वच्छ आला की त्यांच्या कानातले खडे दिसत होते. तिनं रडत-हसत सगळं सांगितलं.

"काका, पुन्हा म्हणा बरं," मॅडम म्हणाल्या.

गोविंदानं पुन्हा म्हटलं, सबंध, न अडखळता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दीपमाला, जन्मभर जे वाक्य तोंडी बसलेलं असतं, ते असंच आधी बाहेर येतं. आता त्याच्यामागून बाकीचंही येईल, बघ." मग गोविंदाकडे पाहून म्हणाल्या, "काका, आज एवढं पुरे. थकाल तुम्ही."

"नाही," गोविंदा म्हणाला. त्यानं खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "ऐक."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"घन... श्याम... आलता," त्यानं सुरुवात केली. मग थांबला, शब्द शोधला, सापडला नाही, दुसरा घेतला आणि पुढे निघाला. सकाळची सगळी गोष्ट त्याला सांगायची होती. टीव्ही एकदाही अडला नाही. दीपमाला शिलाई मशीन तसंच ठेवून ऐकत बसली.